लाली नेमकी कुठे आहे?

डोळा लाल झाला, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जोराच्या खोकल्याने एखाद्याच्या डोळ्यात रक्त उतरतं, तेव्हा पांढऱ्या भागावर लालभडक डाग पसरतो आणि घरचे घाबरून जातात. तरी त्याला बहुधा काहीच औषध लागत नाही, दोन-तीन आठवड्यांत रक्त आपोआप जिरतं. उलट काचबिंदूचा तीव्र झटका आलेला डोळा तेवढा लाल दिसेलच असं नाही, पण उपचाराला उशीर झाला तर त्याची नजर कायमची जाऊ शकते. आलेले डोळे, कॉर्नियावरचा म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावरचा व्रण, बुबुळाला आतून आलेली सूज, डोळ्यात उडालेला चुना, सगळ्यांचा रंग एकच.

म्हणून जाणता डॉक्टर लाली किती आहे याआधी ती कुठे आहे हे बघतो. पापणीच्या आतून आणि डोळ्याच्या कडांकडून सुरू होऊन बुबुळाकडे फिकी होत जाणारी लाली असेल तर दुखणं बहुधा वरवरचं असतं. बुबुळाभोवतीच लालसर-जांभळं कडं दिसलं तर दुखणं आत आहे असं समजायचं. मग पुढचे प्रश्न येतात. खुपतंय की ठणकतंय? चिपडं येतात का? उजेड सहन होतो का? एकेक डोळा झाकून वाचलं तर पूर्वीइतकं दिसतं का? बाहुली गोल आहे का, टॉर्चच्या उजेडात आकसते का? लेन्स घालून झोपलात का? सगळी विचारपूस पाच मिनिटांत उरकते. ती जमायला मात्र माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षं लागली, कारण एकच रंग असलेल्या आजारांचा ढीग उपसून त्यातून एकेक आजार वेगळा काढावा लागला.

ही निवड करण्याचा फार जुना प्रयत्न आपल्याकडेच सापडतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे 76 विकार सांगितले आहेत, आणि बहुतेकांचं मूळ ‘अभिष्यंद’ म्हणजे लाल होऊन वाहणारा डोळा, असं म्हटलं आहे. या अभिष्यंदाकडे दुर्लक्ष झालं तर ‘अधिमंथ’ होतो. त्यात डोळा उपटून, घुसळून काढावा तशी वेदना होते आणि अर्धं डोकं ठणकतं. त्यानंतर सुश्रुत जे सांगतो ते मला फार मोलाचं वाटतं. उपचार चुकले तर नजर किती वेळात जाते, याची मुदतच तो देतो: कफाच्या अधिमंथात सात रात्री, वाताच्या सहा, रक्ताच्या पाच, आणि पित्ताच्या अधिमंथात तत्काळ. अधिमंथ म्हणजे आजचा काचबिंदूच, असं छातीठोकपणे म्हणू नये; दोन शास्त्रांची वर्गवारी इतकी सरळ जुळत नाही. पण लाल डोळ्यांतले काही थांबू शकतात आणि काही रात्री मोजत असतात, हे त्या वैद्याला पक्कं कळलं होतं. आजही लाल डोळ्याच्या तपासणीत सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते हेच.

सुश्रुताने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आजारांत त्याने नेत्राभिष्यंदाचं नाव घेतलं आहे आणि वाटाही सांगितल्या आहेत: अंगाला अंग लागणं, श्वास, एका ताटात जेवणं, एका बिछान्यावर झोपणं, दुसऱ्याचे कपडे, माळा आणि उटणी वापरणं. त्यात नजरेचा उल्लेख कुठेही नाही. आलेल्या डोळ्यांकडे नुसतं पाहिलं तरी आपले डोळे येतात, ही समजूत आजही घरोघरी आहे. काळा चष्मा लावणारा माणूस समोरच्याला वाचवतोय असं लोकांना वाटतं. तो चष्मा त्याला स्वतःला उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून असतो. साथ पसरते ती हातांतून, टॉवेलातून आणि उशीच्या अभ्र्यातून.

युरोपात हा प्रश्न ऐरणीवर आला तो युद्धामुळे. 1798 साली नेपोलियनचं सैन्य इजिप्तमध्ये उतरलं आणि थोड्याच काळात हजारो सैनिकांचे डोळे लाल होऊन पुवाने भरले. 1801 साली तिथे गेलेल्या इंग्रज फौजेचीही तीच गत झाली. सैनिक मायदेशी परतले आणि त्यांच्याबरोबर आजारही बराकींत आला. जॉन व्हेच या लष्करी डॉक्टरने 1807 साली त्याचा तपशील छापला. त्याच्या नोंदीनुसार 52 व्या रेजिमेंटच्या सुमारे 700 जणांच्या तुकडीत एका वर्षात 636 वेळा हा आजार झाला. 50 जण दोन्ही डोळे गमावून घरी गेले, 40 जणांनी एक डोळा गमावला. हा दोष वाळवंटातल्या हवेचा आणि धुळीचा, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. इंग्लंडातल्या ओल्या हवेत आजार पसरताना पाहून व्हेचने ठामपणे लिहिलं की तो एका डोळ्यातल्या स्रावातून दुसऱ्या डोळ्यात जातो.

‘इजिप्तचा नेत्रदाह’ या एका नावाखाली किमान तीन आजार दडलेले होते हे आज आपण जाणतो: खुपऱ्या (ट्रॅकोमा), परम्याच्या जंतूने होणारा पुवाचा दाह आणि ऋतुमानानुसार येणारी साधी साथ. तेव्हा सगळ्यांवर मुख्य उपाय एकच होता, शिरेतून रक्त काढणे. तरीही त्या संकटातून एक चांगली गोष्ट घडली. 1805 साली लंडनमध्ये जॉन कनिंगहॅम सॉन्डर्सने डोळ्यांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला, तोच पुढे मूरफील्ड्सचं रुग्णालय झाला. 1819 साली मद्रासमध्ये तशीच आय इन्फर्मरी उभी राहिली आणि ती एग्मोरला आजही चालू आहे. एका छताखाली रोज शेकडो लाल डोळे येऊ लागले, तेव्हाच त्यांच्यातला फरक डोळ्यांत भरू लागला. चार रुग्ण पाहणाऱ्याला सगळे सारखेच वाटतात. त्या मद्रासच्या रुग्णालयानेच 1918 च्या साथीचा अभ्यास केला. त्या साथीत डोळ्याची लाली ओसरल्यावरही कॉर्नियावर बारीक ठिपके मागे राहत. तेव्हापासून देशभर डोळ्यांच्या साथीला ‘मद्रास आय’ म्हणतात. अशा साथींमागचा अॅडिनोव्हायरस हाती लागायला मात्र 1955 साल उजाडावं लागलं.

ढिगातून काचबिंदू बाहेर पडला तो बोटांच्या स्पर्शामुळे. तीव्र झटक्याचा लाल, ठणकणारा डोळा पूर्वी संधिवाताच्या नेत्रदाहात मोजला जाई. ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झीने 1830 च्या ग्रंथात लिहिलं की काचबिंदूत डोळ्याचा गोळा हाताला टणक लागतो. सगळं त्या टणकपणात होतं. आतलं पाणी बाहेर पडायची वाट तुंबते, दाब वाढतो आणि मज्जातंतू चिरडला जातो. बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफेने 1857 साली दाखवून दिलं की बुबुळाचा छोटा तुकडा कापून काढला तर झटका आलेला डोळा वाचतो. तोवर हा आजार असाध्य समजला जात होता, आणि ग्रेफे तेव्हा तिशीच्याही अलीकडे होता. आज त्या कापण्याच्या जागी लेझरने बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. विल्यम बोमनने बोटांनी दाब अजमावण्याची श्रेणी ठरवून दिली, आणि 1905 साली श्योत्झचं दाब मोजण्याचं उपकरण आलं.

हे सगळं माहीत असूनही आपल्याकडे असा रुग्ण आधी भलत्याच दारी जातो, याची मला खंत वाटते. झटक्यात कपाळ फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात. घरच्यांना वाटतं, पित्त झालंय. सुंठ, लिंबू-साखर आणि अॅसिडिटीच्या गोळ्यांत एक अख्खी रात्र जाते. डोळा थोडासाच लाल असतो म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. टॉर्च मारून पाहिलं असतं तर अर्धवट मोठी झालेली, उजेडात न हलणारी बाहुली दिसली असती.

जंतूंची ओळख पटत गेल्यावर पुवाच्या डोळ्यांचीही उकल होऊ लागली. 1879 साली नायसरने परम्याचा जंतू शोधला. त्यानंतर एकदोन वर्षांतच लाइपझिगच्या कार्ल क्रेडेने प्रसूतीनंतर लगेच बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब घालायला सुरुवात केली. त्याच्या प्रसूतिगृहात दहा टक्क्यांच्या आसपास बाळांचे डोळे पुवाने भरत, ते प्रमाण एक टक्क्याच्या खूप खाली आलं. तान्ह्या बाळाचा लाल, पू येणारा डोळा आजही तातडीचा मानला जातो, दूध घालून बरा करण्याचा नाही. पटकीचा जंतू शोधायला 1883 साली इजिप्तला गेलेल्या रॉबर्ट कॉखला तिथल्या आलेल्या डोळ्यांच्या पुवात एक बारीक जंतू दिसला. नेपोलियनच्या सैनिकांना छळणाऱ्यांपैकी तो एक असावा. खुपऱ्यांना फार वेळ लागला. त्यांच्या पेशींतले सूक्ष्म कण 1907 साली जावात दिसले, पण जंतू प्रयोगशाळेत वाढवणं जमलं ते 1950 च्या दशकात चीनच्या तांग फेइफान यांना. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून खुपऱ्या हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, ते 2024 च्या ऑक्टोबरात.

या सगळ्या मागोव्यात मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती एका रंगाची. 1871 साली आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फ्लुरेसिन तयार केलं. कोरडं असताना ते नारिंगी-तांबडं असतं, पाण्यात पडलं की हिरवं चमकतं. त्याचं पहिलं मोठं काम डोळ्यात नव्हतं, नदीत होतं. दक्षिण जर्मनीत डॅन्यूबचं पाणी एका जागी जमिनीत जिरतं. ते सुमारे 12 किलोमीटरवरच्या आख गावच्या झऱ्यातून बाहेर पडतं का, यावर वाद होता. 1877 च्या ऑक्टोबरात आडोल्फ क्नोप यांनी 10 किलो फ्लुरेसिन त्या जिरणाऱ्या पाण्यात ओतलं आणि सुमारे 60 तासांनी झऱ्याचं पाणी हिरवं झालं. 1882 साली पाउल एर्लिखने तोच रंग सशाच्या शरीरात टोचला आणि डोळ्यातलं पाणी कसं वाहतं ते पाहिलं. त्याच सुमारास एर्न्स्ट फ्लूगर याने तो कॉर्नियावर वापरला.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. त्याचा वरचा थर शाबूत असेल तर रंग धुऊन जातो. तो थर जिथे खरवडला असेल तिथे रंग आत मुरतो, आणि निळा प्रकाश टाकला की तेवढीच जागा हिरवी उजळते. साध्या डोळ्यांना न दिसणारी जखम तिच्या आकारासकट दिसते. सरळ रेघ असेल तर पापणीखाली काहीतरी अडकलं आहे. फांद्या फुटलेल्या झाडासारखा आकार असेल तर तो नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस विषाणू, आणि त्याच्यावर नुसता स्टिरॉइडचा थेंब घातला तर व्रण पसरत जातो. एका थेंबाने उपचाराची दिशा बदलते. पण याच थेंबाने एके काळी डोळे घालवलेही. बाटलीतल्या द्रावणात स्यूडोमोनस हा जंतू मजेत वाढतो आणि तपासणीच्या वेळीच तो जखमेत जात असे. यावर किमुरा या डॉक्टरने 1951 साली कागदाच्या निर्जंतुक पट्ट्या सुचवल्या. नेत्रविभागाच्या टेबलावर दिसते ती नारिंगी टोकाची बारीक पट्टी त्या धोक्यातून जन्मली आहे.

दुसरं साधन स्वीडनच्या आल्वार गुलस्ट्रांडने 1911 साली हायडेलबर्गला दाखवलं. त्याचा स्लिट लॅम्प प्रकाशाची अरुंद फट डोळ्यात सोडतो. बुबुळ आतून सुजलं असेल तर कॉर्नियामागच्या स्वच्छ पाण्यात पांढऱ्या पेशी आणि प्रथिनं उतरलेली असतात. अंधाऱ्या खोलीतल्या कवडशात धूळ तरंगताना दिसते, तशा त्या या प्रकाशात दिसतात. बाहेरून नुसता लाल दिसणारा डोळा आतून आजारी आहे, याचा हा पुरावा. अशा रुग्णाला मग डॉक्टर डोळ्यांबद्दल न विचारता पाठीबद्दल विचारतात: सकाळी उठल्यावर कंबर आखडते का? क्षयरोग झाला होता का? लाल डोळा कधी कधी शरीराची बातमी देतो.

ही बातमी किती गंभीर असू शकते, हे मुंबईने 1972 साली जगाला सांगितलं. 1969 च्या मध्यावर घानाच्या अक्रा शहरात डोळ्यांची एक नवी साथ सुरू झाली. लागण झाल्यावर साधारण दिवसभरातच डोळा सुजे, दुखे आणि पांढऱ्या भागात रक्त उतरे. तेव्हाच माणूस चंद्रावर पोचला होता, म्हणून तिथले लोक तिला ‘अपोलो 11’ म्हणू लागले. साथ आफ्रिकेतून आशियात आली. 1971 साली बंगालमध्ये बांगलादेशच्या मुक्तिलढ्यातल्या निर्वासितांच्या छावण्यांच्या काळातच ती पसरली, म्हणून तिकडे त्या लढ्याच्या घोषणेवरून तिचं नाव ‘जय बांगला’ पडलं. त्याच वर्षी मुंबईतही घरंच्या घरं लाल डोळ्यांची झाली. आठ-दहा दिवसांत डोळे बरे होत, म्हणून फारशी काळजी कोणी केली नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी शहरातल्या मज्जाविकारतज्ज्ञांकडे वेगळेच रुग्ण येऊ लागले. धडधाकट प्रौढ माणसं, कंबरेतून पायात तीव्र कळा, मग पाय लुळे. पोलिओसारखं दिसणारं दुखणं, पण पोलिओच्या वयाचं नव्हे. जे. जे. रुग्णालयातल्या मज्जाविकारशास्त्राचा पाया घालणारे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांना मागचं विचारलं, आणि उत्तरात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट आली: काही आठवड्यांपूर्वी डोळे आले होते. 1972 साली वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ही निरीक्षणं छापली. जपानमध्ये वेगळा केलेला एंटेरोव्हायरस 70 हा विषाणू डोळ्यावर थांबत नव्हता, क्वचित तो पाठीच्या कण्यातल्या मज्जेपर्यंत जात होता. प्रयोगशाळेच्या आधी रुग्णाची हकिगत नीट ऐकून लागलेला हा शोध आहे, आणि तो मुंबईतला आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जागा मिळायला हवी.

2023 च्या पावसाळ्यात आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे आले आणि साथ बघता बघता राज्यभर पसरली. बहुतेकांचे डोळे आठवड्याभरात बरे झाले. पण अशा साथीत मेडिकलच्या दुकानात जाऊन ‘डोळ्याचे ड्रॉप द्या’ म्हटलं की जे मिळतं, त्याची मला भीती वाटते. प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ते सहज मिळतात. स्टिरॉइड घातलं की लाली एका दिवसात उतरते आणि औषध लागू पडलं असं वाटतं. लाली उतरली की आजार ओळखण्याची खूण पुसली जाते. आत हर्पिसचा व्रण असेल तर तो पसरतो, बुरशी असेल तर ती खोल जाते. महिनोन्‌महिने तीच बाटली वापरणाऱ्याच्या डोळ्यातला दाब वाढत राहतो आणि त्याला कळतही नाही. दोन हजारांहून अधिक वर्षं खपून ज्या ढिगाची निवड झाली, तो ढीग एका बाटलीने पुन्हा एकत्र होतो.

बुरशीचा व्रण पहिल्यांदा ओळखला तो 1879 साली, टेओडोर लेबरने. रुग्ण शेतकरी होता. ओटची मळणी चालू असताना भुसा उडून त्याच्या डोळ्यात गेला होता. आपल्याकडे आजही हे असंच घडतं. उसाचं पाचट डोळ्याला चाटून जातं, भाताचं कुसळ उडतं, बैल शेपटी झटकतो. त्या दिवशी थोडं खुपतं, माणूस डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो. आठवड्याने बुबुळावर पांढरट डाग दिसतो. मदुराईत 1990 च्या दशकात 434 रुग्णांचे व्रण तपासले, तेव्हा प्रयोगशाळेत ज्यांचं कारण सापडलं त्यांत बुरशी आणि जिवाणू जवळपास बरोबरीने होते. बुरशीवरचं नॅटामायसिन तासातासाला घालावं लागतं, महिनाभर आणि त्याहून जास्तही. डोळा वाचला तरी मध्यभागी फूल पडतं, आणि मग नेत्रदानातून मिळणाऱ्या कॉर्नियाची वाट पाहावी लागते.

यावर सगळ्यात आशादायक काम नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात झालं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे 34,902 लोकांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. गावोगावी 81 आरोग्यसेवक नेमले होते. डोळ्याला काहीही लागलं की त्यांना सांगायचं, ते रुग्णाला जवळच्या केंद्रावर पाठवत. कॉर्निया खरचटलेल्यांपैकी 442 जणांना उपचारासाठी निवडलं. त्यांच्या डोळ्यात तीन दिवस, दिवसातून तीन वेळा क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम घातलं. 96 टक्के जणांची जखम संसर्गाशिवाय भरली. ज्यांना इजा झाल्यापासून 18 तासांच्या आत मलम मिळालं, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. पुढे ब्रह्मदेशातल्या खेड्यांत हीच पद्धत नेली, तेव्हा डॉक्टर नसलेल्या स्वयंसेवकांना फ्लुरेसिनची पट्टी आणि निळा टॉर्च देऊन कॉर्नियावरचं खरचटणं ओळखायला शिकवलं. पट्टीचं टोक ओलं करायचं, पापणीच्या आत टेकवायचं, डोळे मिटून उघडायला सांगायचं आणि निळा उजेड टाकायचा. हिरवं दिसलं तर मलम त्याच दिवशी सुरू करायचं. पांढरा डाग दिसला तर मलमावर न थांबता माणसाला थेट नेत्ररुग्णालयात पाठवायचं.